पोवळ्यांचा दिवा

“वाकडा बसलाय,” बाबा म्हणाले.

तौफिक मुजावर स्टुलावर उभा होता. मत्स्यटाकीवर नुकतीच बसवलेली दिव्याची पट्टी त्याने दोन्ही हातांनी धरली, मान मागे घेऊन नीट बघितली आणि म्हणाला, “न्हाई साहेब, सरळ हाय की.”

“मधे बाक आलाय. मला इथून दिसतोय. माल आणताना बघून आणत जा.”

तौफिक सांगलीहून यायचा. समुद्राच्या पाण्यातले मासे आणि पोवळी पाळणारी त्याची गिऱ्हाइकं आमच्या भागात मोजकीच होती, त्यामुळे तो बाबांना फार जपायचा. त्याने पिशवीतून गवंड्यांकडे असते तशी बुडबुड्याची पट्टी काढली आणि दिव्यावर ठेवली. बुडबुडा बरोबर मध्यावर येऊन थांबला. त्याने माझ्याकडे बघितलं. मी बाबांकडे बघितलं. ते मान किंचित डावीकडे वळवून, डोळ्यांच्या कोपऱ्यातून टाकीकडे बघत होते. त्यांची ती नेहमीचीच सवय होती.

“आणि उजेड? हा उजेड म्हणायचा? मधला खडक सगळा काळपट दिसतोय. दुसरा आण.”

“साहेब, हा दुसरा झाला.”

“मग तिसरा आण.”

बाबा म्हणजे माझे सासरे, सर्जन डॉक्टर रंगनाथ नाडगौडा. विट्यात त्यांना सगळे मोठे डॉक्टर म्हणत. खाली हॉस्पिटल, वर घर आणि दोन्हींना जोडणारा आतला एक जिना. माझा नवरा आल्हाद फिजिशियन, त्याची तपासणीची खोली खालीच. मी भूलतज्ज्ञ. लग्न ठरलं तेव्हा माझ्या आईवडलांना केवढा आनंद झाला होता, की मुलीला घरच्या घरात काम मिळालं. खरोखरच घरच्या घरात मिळालं. सकाळी मी जिना उतरून ऑपरेशन थिएटरमध्ये जायचे आणि दुपारी जिना चढून स्वयंपाकघरात. कितीतरी दिवस रस्त्यावर पाऊलसुद्धा पडत नसे. सांगलीच्या मेडिकल कॉलेजात शिकवायची जागा निघाली होती, तेव्हा मी अर्ज करू का असं विचारलं होतं. बाबा माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत म्हणाले होते, “इथे काय कमी आहे?” विषय तिथे संपला. ओरडणं, आदळआपट असलं काही त्या घरात कधी होत नसे. वाईट माणसंही तिथे नव्हती. त्यामुळे भांडायचं तरी कोणाशी, हे मला कळत नसे.

मला सगळ्यांत जास्त लागायचं ते त्यांचं असं पलीकडे बघणं. माझ्याशी बोलताना त्यांनी एकदाही माझ्या चेहऱ्याकडे सरळ बघितलं नव्हतं. निदान गेली दोन-तीन वर्षं तरी नाही. मी मनाशी धरून चालले होते, की त्यांना मी पसंत नाही.

टाकी हा त्यांचा एकुलता एक शौक. फार मोठी नव्हती, दिवाणखान्यातल्या टीव्हीएवढी. त्यात दोन नारिंगी मासे, एक कोळंबी आणि खडकांवर वाढणारी पोवळी. मोठ्या बटनांसारखी काही, तर काही हातमोज्याच्या बोटांसारखी, पाण्याबरोबर हलणारी. समुद्रापासून इतक्या लांब, आमच्या त्या कोरड्या गावात, बाबा मीठ मोजून पाणी तयार करत आणि ती पोवळी जगवत. त्यांनीच मला शिकवलं होतं, की पोवळ्याच्या अंगात बारीक शेवाळ असतं, ते उजेडावर अन्न करतं आणि पोवळं त्यावर जगतं. उजेड कमी पडला तर ती उपाशी मरतात, फार झाला तर रंग टाकून पांढरीफटक पडतात. म्हणून दिवा नीट निवडायला लागतो. जुन्या नळ्या गेल्या आणि नव्या पद्धतीचा दिवा घ्यायचं ठरलं, तेव्हा ते म्हणाले, “हेमांगी, तूही बस निवडायला. तुला बारकावा कळतो.” एवढं कौतुक त्यांनी पहिल्यांदाच केलं होतं. मी हरखून गेले होते.

पहिला दिवा फार पांढरा निघाला. त्याखाली पोवळी मिटून बसली, म्हणून तो परत गेला हे ठीकच होतं. दुसरा मात्र मला फार आवडला. निळसर, शांत. त्याखाली बटनांच्या कडा हिरव्यागार चमकत होत्या. बाबांना तोच काळपट वाटत होता, आणि वाकडा.

तौफिक गेल्यावर बाबा टाकीसमोरच्या खुर्चीत बसले. “नर कुठे गेला गं? लपून बसलाय का खडकामागे?”

नारिंगी नर मासा त्यांच्या अगदी समोर होता. काचेला जवळजवळ नाक लावून. मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी मान थोडी वळवली आणि म्हणाले, “हां, आला.”

तो आला नव्हता. तो तिथेच होता.

मी काही डोळ्यांची डॉक्टर नाही. पण शिकताना डोळ्यांच्या वॉर्डात काढलेले दिवस कोणी पूर्ण विसरत नाही. डोळ्याचा पडदा मधोमध झिजला, की सरळ रेघ मधेच वाकलेली दिसते, समोरचं पुसलं जातं आणि कडेचं तेवढं राहतं. मग माणूस बघायच्या वस्तूवरून नजर बाजूला नेतो, म्हणजे ती कडेला येते आणि दिसते. मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले आणि पुन्हा प्यायले.

सासूबाई भाजी निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“दिवा परत पाठवला ना?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“बरं झालं.”

मी म्हटलं, “आई, दिवा चांगला होता.”

“असेल.” त्यांनी मेथीची जुडी बाजूला ठेवली आणि दाराकडे बघून आवाज उतरवला. “तुझ्या लक्षात आलंय. मला कळलं तुझ्या चेहऱ्यावरून. हेमांगी, एवढं ऐक माझं. दिवा ठरवू नकोस. हा नको, तो नको, असं करत लांबव. दिव्यातच खोट आहे असं त्यांना वाटतंय, तोवर बरं आहे.”

“तुम्हाला कधीपासून माहीत आहे?”

“पेपर मी वाचून दाखवायला लागले तेव्हापासून. म्हणाले, तुझा आवाज ऐकत चहा प्यायला बरं वाटतं. चाळीस वर्षांत कधी बरं वाटलं नव्हतं.” त्या हसायला गेल्या, पण जमलं नाही. “ऑपरेशनं हाच त्यांचा प्राण आहे. तो काढून घेतलास तर उरेल काय?”

त्यांनी ऑपरेशन हा शब्द उच्चारला आणि मला एकदम आठवलं. दिवाळीच्या सुमारास बाबांनी थिएटरमधला दिवाही बदलून घेतला होता. चांगला चालता दिवा. उजेड नीट पडत नाही म्हणून. आणि लंगोटे सिस्टर, त्यांच्याबरोबर कैक वर्षं उभ्या राहिलेल्या, हल्ली ऑपरेशनच्या वेळी फार बोलू लागल्या होत्या. “सर, ही शीर इथे आहे. सर, आता डावीकडे.” मला वाटायचं, नव्या नर्सला ऐकू जावं म्हणून बोलताहेत.

 मी इतके दिवस त्यांच्या समोर, पेशंटच्या डोक्याशी बसून हे ऐकत होते.

संध्याकाळी आल्हाद वर आला, तेव्हा मी त्याला आमच्या खोलीत नेऊन दार लावलं आणि सगळं सांगितलं.

तो आधी हसला. मग म्हणाला, “काहीतरीच. अगं, वयाचा नंबर वाढला असेल. चष्मा बदलतील.”

“चष्म्याने जाणारं नाही हे. आल्हाद, त्यांना समोरचा मासा दिसला नाही.”

“मासा!” तो म्हणाला. “तू माशावरून ठरवणार? बाबा डोळे मिटून ऑपरेशन करू शकतात, हे सगळा जिल्हा म्हणतो.”

आपण काय बोललो हे त्याच्या लक्षात आलं नाही. मी म्हटलं, “गुरुवारी थायरॉइड आहे. गळ्यातली गाठ. आवाजाची नस तिथे चिकटून असते, दोऱ्याएवढी.”

“मला माहीत आहे ते.”

“मग तू बोल त्यांच्याशी.”

तो खिडकीशी गेला.  मग म्हणाला, “मी त्यांना काय सांगू? आजवर मी त्यांना साधा सदरासुद्धा बदला म्हणालेलो नाही. आणि तूही बोलू नकोस. या घरात राहायचंय आपल्याला.”

 स्वयंपाकघरात गेले तर सासूबाई, खाली गेले तर सिस्टर, खोलीत आल्हाद. सगळ्यांना ठाऊक होतं किंवा अर्धंमुर्धं ठाऊक होतं. आणि सगळ्यांनी मिळून त्यांच्याभोवती इतकं घट्ट कडं केलं होतं, की त्यातून मलाच काय, त्यांनाही बाहेर पडता येत नव्हतं. बाहेरच्या कोणाला सांगावं तर हॉस्पिटल उभं राहणार नाही, हे कळत होतं. न सांगावं तर गुरुवार येत होता.

बुधवारी तौफिक तिसरा दिवा घेऊन आला. याला रिमोट होता. निळा, पांढरा, जांभळा, हवा तो रंग कमीजास्त करता यायचा. बाबांनी रिमोट हातात घेतला आणि पांढरा वाढवत नेला, वाढवत नेला. टाकी भगभगीत झाली. मासे तळाशी पळाले. बटनांसारखी पोवळी एकेक करून मिटली.

“साहेब, एवढ्यानं मरतील ती,” तौफिक न राहवून म्हणाला.

“आत्ता कुठे दिसायला लागलंय,” बाबा म्हणाले.

सासूबाई दारातून माझ्याकडे बघत होत्या. मी उठून रिमोट बाबांच्या हातातून घेतला आणि उजेड खाली आणला.  त्यांचा हात रिमोट धरल्यासारखा तसाच पुढे राहिला.

गुरुवारी थिएटरमध्ये टेबलावर मंदाकिनी खिलारे होत्या. एसटीत कंडक्टर. गळ्याला गाठ, पण आवाज असा, की सुई टोचताना त्या “आगं आई गं” म्हणाल्या तेव्हा बाहेरचा वॉर्डबॉय दचकला. रात्रभर मी एक बेत करून ठेवला होता. कोणाचीही शोभा न होता सुटका होईल असा. बाबा हात धुऊन, ग्लोव्हज घालून आत आले. सिस्टर त्यांच्या बाजूला उभ्या राहिल्या. मी सलाइनचं बघितलं आणि म्हटलं, “सर, आज भूल देता येणार नाही. पेशंटला सर्दी आहे. छातीत घरघर आहे थोडी.”

थिएटरमध्ये मी त्यांना सर म्हणायचे.

“सकाळी तपासलंस तेव्हा?”

“तेव्हा नव्हती.”

टेबलावरून खिलारेबाईंनी मान उचलली. “कुणाला सर्दी? मला? न्हाई वो मॅडम, सर्दी-बिर्दी काय न्हाई मला. उगं लांबवू नका, डबल ड्युटी करून रजा काढलीया.”

कोणी हसलं नाही. सिस्टर हातातल्या ट्रेकडे बघत राहिल्या. माझा सगळा बेत त्या एका वाक्यात गेला.

बाबांनी शांतपणे विचारलं, “काय झालंय, हेमांगी?”

“मी भूल देणार नाही, सर.”

“कारण?”

“कारण तुम्हाला माहीत आहे.”

“मला माहीत नाही. सांग.”

पेशंट ऐकत होती. मला तिच्यासमोर एक शब्दही बोलायचा नव्हता. मी म्हटलं, “आज नाही आणि उद्याही नाही. दुसऱ्या कोणाला बोलवायचं तर बोलवा. पण मी इथून हलणार नाही.”

“माझ्या थिएटरमध्ये तू मला हे सांगतेस?” आवाज चढलेला नव्हता.  “माझ्याकडे बघून सांग.”

“बघतेच आहे,” मी म्हटलं. “सर, तुम्ही बघा माझ्याकडे.”

ते माझ्याकडे वळले. त्या दोन-तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे सरळ बघितलं. मास्कच्या वर त्यांचे डोळे स्वच्छ होते, त्यांत राग नव्हता. ते तसेच बघत राहिले, आणि मला कळलं, की त्या क्षणी मी त्यांच्यासमोरून पुसली गेले आहे. टोपी असेल, खांदे असतील, बाजूचा सिलिंडर असेल. मधे कोणी नव्हतं. त्यांनी पापणी लववली, पुन्हा बघितलं. मग हळूहळू मान डावीकडे वळली आणि मी त्यांना सापडले.

म्हणजे हा सगळा काळ ते माझ्याकडेच बघत होते.

“सिस्टर,” ते म्हणाले, “ग्लोव्हज काढा माझे.”

लंगोटे सिस्टरांनी ग्लोव्हज काढले. काढताना त्या रडत होत्या. बाबा टेबलाशी गेले, खिलारेबाईंच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाले, “बाई, ही गाठ मिरजेला काढून घ्या. माझा विद्यार्थी आहे तिथे, माझ्यापेक्षा चांगली काढेल. मी आत्ता फोन करतो. रजा वाया जाणार नाही तुमची.”

“तुमी न्हाई काढणार, डॉक्टर?”

“नाही. मी आता काढत नाही.”

 बाबांनी मिरजेला फोन केला, मग त्यांच्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं. दुपारी सासूबाईंनी माझं ताट वाढलं, पण माझ्याकडे बघितलं नाही. आल्हादने मला जिन्यात गाठलं.

“स्टाफसमोर?” तो म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा झाला होता. “सगळ्या गावात होईल आता. त्यांना दिसत नाही हे तू कशावरून म्हणतेस? एकदा तरी चुकलेत ते? एक तरी केस दाखव.”

“चुकेपर्यंत थांबायचं होतं का?”

तो वळून वर गेला.

संध्याकाळी बाबा बाहेर आले आणि टाकीसमोरच्या खुर्चीत बसले. आल्हाद त्यांच्या समोर, टाकीच्या बाजूच्या खुर्चीत येऊन बसला होता, तोंड मिटून. मी स्वयंपाकघराच्या दाराशी होते, पुढे जावं की नाही हे न कळून.

“हेमांगी, ये इकडे,” ते म्हणाले. “दिवा कोणता ठेवायचा?”

“बाबा, ते राहू दे आज.”

“नाही, सांग.”

“दुसरा. निळसर होता तो.”

“त्याखाली पोवळी उघडली होती?”

“सगळी.”

“मग तोच मागव तौफिककडून. दिवा पोवळ्यांसाठी असतो. मी आपला माझ्यासाठी निवडत बसलो होतो.” ते खुर्चीत मागे टेकले. “तुला कधी कळलं?”

“पट्टी वाकडी आहे म्हणालात तेव्हा.”

“मला दोन वर्षांपूर्वी कळलं. दाराची चौकट वाकडी दिसायला लागली तेव्हा. पुस्तक काढून वाचलं, भिंग लावून. काय आहे ते कळलं, त्याला फारसा उपाय नाही हेही कळलं. वाटलं, कोणीतरी विचारेल. तुझी सासू विचारेल, सिस्टर विचारतील, कोणीतरी अडवेल. मग मी थांबेन.” त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. “कोणी अडवलं नाही. उलट सगळे वाट मोकळी करून देत होते. मग काही दिवसांनी मलाच वाटायला लागलं, की दिसत असेल आपल्याला. नाहीतर कोणी बोललं नसतं का?”

सासूबाई माझ्या मागे येऊन उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाशी धरला.

 आल्हाद अजूनही हलला नव्हता. त्याची नजर बाबांवर खिळली होती, आणि अजूनही तिच्यात तोच हट्ट होता. हे सगळं खोटं आहे, थोड्या वेळात बाबा उठतील आणि खाली राउंडला जातील, असा.

बाबांनी चष्मा पुसला, परत लावला आणि सरळ आल्हादच्या खुर्चीकडे बघत मला विचारलं, “आल्हाद वर आला नाही का अजून? त्यालाही सांगायला हवं. तो माझ्यावर चिडला असेल.”

  आल्हाद खुर्चीतून उठला, दोन पावलं पुढे आला आणि बाबांच्या पायांशी जमिनीवर बसला. त्यांचा हात हातात घेऊन म्हणाला,

“मी इथेच आहे, बाबा. मघापासून इथेच आहे.”